अंबाजोगाईत घरी सर्व्हर लावायचाय, तर आधी लाइटीचं बघा

प्रश्न थोडक्यात असा. अंबाजोगाईचे एक शिक्षक लिहितात की घरातल्या चौघांचे मिळून साडेतीनशे जीबी फोटो आणि व्हिडिओ आहेत, आजोबांच्या वेळच्या जमिनीच्या कागदांची एक लोखंडी पेटी आहे, आणि यातलं काहीच मोठ्या कंपन्यांच्या हाती राहू नये असं त्यांना वाटतं. म्हणून घरीच सर्व्हर, म्हणजे रात्रंदिवस चालू राहून घरच्या फायली सांभाळणारा संगणक, लावायचाय. क्लाउड (कंपन्यांच्या संगणकांवर फायली ठेवणं) पूर्ण सोडावा का, मशीन कोणतं घ्यावं, लाइट गेल्यावर काय करायचं, आणि चाळीस हजारांत एक वापरलेला रॅक सर्व्हर (कंपन्यांत लोखंडी चौकटीत बसवतात तसलं मशीन) मिळतोय तो घ्यावा का, असं त्यांनी विचारलंय.

सर, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण पैसे अजून तुमच्या खिशात आहेत. रॅक सर्व्हर घेऊ नका. असली मशीनं एसी लावलेल्या खोलीसाठी बनवलेली असतात. काहीच काम नसताना सुद्धा ती सहज 120 वॅट ओढतात, म्हणजे महिन्याला 86 युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर साडेआठशे रुपये नुसतं चालू ठेवण्याचे, आणि वर पंख्यांचा आवाज असा की बाजूच्या खोलीत मुलांना अभ्यास करता येणार नाही. याच कामाला दहा वॅटवर चालणारा मिनी पीसी पुरतो. त्याचे महिन्याला सव्वासात युनिट होतात, आणि इन्व्हर्टरला त्याचा भारच वाटत नाही.

मी लातूरला राहतो. गेली बावीस वर्षं लिनक्सचे (विंडोजऐवजी चालणारी मुक्तस्रोत सिस्टिम) सर्व्हर सांभाळणं हेच माझं काम आहे, आणि त्यातली अकरा वर्षं घरातही एक चालू आहे. त्या अकरा वर्षांत माझं नुकसान हॅकरनं कधी केलं नाही. ते लाइटीनं केलं, मे महिन्यानं केलं आणि माझ्या स्वतःच्या अर्धवट बॅकअपनं केलं. म्हणून उत्तरात या तिघांना जास्त जागा देतोय.

पण त्याआधी काय लपवायचंय ते ठरवा. प्रत्येक वस्तूला दोन प्रश्न विचारा: ही हरवली तर काय होईल, आणि ही दुसऱ्याच्या हाती लागली तर काय होईल? सातबारा घ्या. तो लपवण्यात काही अर्थ नाही. महाभूलेखवर गट नंबर टाकला की कुणालाही दिसतो, आणि हरवला तरी पुन्हा काढता येतो. आधार क्रमांक, पासबुक, सहीचा नमुना, आईचे दवाखान्याचे रिपोर्ट यांचं उलट आहे. ते हरवले तर पुन्हा मिळतील, पण भलत्याच्या हाती लागले तर त्रास होईल. लग्नाचे, बारशाचे फोटो कुणी पाहिले तर फार काही बिघडत नाही, पण गेले तर गेलेच. आणि मुलांचे फोटो दोन्ही प्रश्नांत अडकतात. ही वाटणी एकदा वहीवर करा. बहुतेकांना सर्व्हरपेक्षा वेगळंच काहीतरी आधी घ्यावं लागतं, हे त्यातून कळतं.

माझ्या बाबतीत ते घरचा प्रिंटर होतं. काही वर्षांपूर्वी जुलैअखेर पीकविम्याच्या गर्दीत मी एका सेवा केंद्रावर उभा होतो. तिथल्या मुलानं माझा कागद शोधायला डाउनलोड्सचा फोल्डर उघडला आणि स्क्रीन खाली सरकवत नेली. आधार कार्डं, पासबुकाची पहिली पानं, बायाबापड्यांचे अंगठ्याचे फॉर्म, कुणाच्या तरी मुलीचा जातीचा दाखला, असं शेकडो लोकांचं सगळं तिथं उघडं पडलेलं होतं. त्या मुलाच्या मनात वाईट काही नव्हतं. त्याला पुसायला वेळच नव्हता. आपण गूगलला फोटो द्यायचे की नाही यावर घरी वाद घालतो, आणि झेरॉक्सवाल्याच्या व्हॉट्सॲपवर आधार पाठवून देतो. तो त्याच्या फोनमध्ये कायमचा राहतो. म्हणून मी सेकंडहँड लेझर प्रिंटर घेतला. स्कॅन आणि छपाई घरीच होते, आणि सेवा केंद्रावर जायचं झालं तर कागद हातात घेऊन जातो. जिथं चालतं तिथं मास्क केलेलं आधार देतो. त्यात पहिले आठ आकडे झाकलेले आणि शेवटचे चारच दिसतात, आणि ते यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरूनच उतरवता येतं. चाळीस हजारांतले सात-आठ हजार तुम्ही आधी इथं घाला, असं मी मनापासून सांगेन.

आता मशीन. इंटेल एन100 चा मिनी पीसी घ्या. त्या चिपची रचनाच 6 वॅटची आहे. नाहीतर कंपन्यांतून उतरलेले छोटे ऑफिस पीसी, पुस्तकाएवढ्या आकाराचे, जुन्या बाजारात मिळतात, ते घ्या. रॅम 16 जीबी ठेवा. सिस्टिमसाठी लहान एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) आणि फोटोंसाठी 4 टीबीची हार्ड डिस्क पुरेल. घरात जुना लॅपटॉप पडून असेल तर सुरुवात त्यावरच करा. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, तेव्हापासून असे लॅपटॉप मातीमोल भावानं विकले जातायत, पण डेबियन (लिनक्सचाच एक प्रकार) टाकलं की ते अजून पाच-सहा वर्षं काढतात. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते हा मोठाच फायदा. फक्त ती सतत शंभर टक्क्यांवर ठेवू नका, आपल्याकडच्या उन्हाळ्यात फुगते. बऱ्याच मॉडेलमध्ये चार्जिंग ऐंशी टक्क्यांवर थांबवायची सोय असते, ती चालू करा. रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणकही चांगला आहे, पण मेमरी कार्डावर रात्रंदिवस लिहिणं चालू राहिलं तर कार्ड झिजून मरतं. तोच घ्यायचा असेल तर त्याला एसएसडी लावा.

लाइट जाते त्याची मला तेवढी भीती वाटत नाही. ती परत येते तेव्हा वाटते. डीपीवर फ्यूज टाकल्यावर पहिल्या क्षणी व्होल्टेज कुठं जाईल सांगता येत नाही. तुमच्याकडे इन्व्हर्टर असेलच. त्याच्या पाठीमागे बहुतेक एक छोटा खटका असतो, एका बाजूला यूपीएस आणि दुसऱ्या बाजूला नॉर्मल किंवा इको लिहिलेलं. घरोघरी तो नॉर्मलवर असतो आणि कुणी बघितलेलाही नसतो. नॉर्मलवर लाइट जाऊन बॅटरी लागेपर्यंत जो क्षण जातो तेवढ्यात पंखा आणि ट्यूबला काही होत नाही, पण संगणक बंद पडतो. खटका यूपीएसवर केला की बदल लवकर होतो आणि व्होल्टेज थोडं खालीवर झालं तरी इन्व्हर्टर लगेच बॅटरीवर जातो. तोटा एवढाच की संध्याकाळी व्होल्टेज उतरतं त्या गावात बॅटरी वारंवार लागते आणि लवकर थकते. तुमच्या गल्लीत व्होल्टेज फार पडत असेल तर खटका नॉर्मलवरच राहू द्या आणि सर्व्हरला वेगळा छोटा यूपीएस घ्या. यूएसबीची तार असलेला घ्या, म्हणजे नट नावाचा प्रोग्राम बॅटरी संपत आल्याचं ओळखून सर्व्हर नीट बंद करतो. राउटरसाठी बारा व्होल्टचा मिनी यूपीएस हजार-दीड हजारात मिळतो. आणि बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन वीज परत आल्यावर मशीन आपोआप चालू होईल असं करून ठेवा. नाहीतर तुम्ही शाळेत असताना लाइट येईल, आणि सर्व्हर बंदचा बंद.

वीज म्हणजे आकाशातलीही. माझ्याकडे तेव्हा गच्चीवरच्या अँटेनातून नेट यायचं आणि तिथून तांब्याची तार थेट राउटरमध्ये उतरलेली होती. जूनच्या तोंडावर वळवाचा पाऊस आला, दोन गल्ल्या पलीकडे वीज पडली, आणि राउटर गेला, सर्व्हरचं नेटवर्क पोर्ट गेलं, टीव्हीही गेला. यूपीएस जागच्या जागी सुखरूप होता, कारण झटका त्या तारेतून आला होता. आता फायबर आहे, पण अजूनही ढग दाटले की बाहेरून येणारी तांब्याची तार कुठलीही असो, मी काढून ठेवतो.

उन्हाळ्याचं सांगतो. डिस्क मी आधी भिंतीतल्या लाकडी कपाटात ठेवली होती, दिसायला नीटनेटकी. एका मे महिन्यात दुपारी तीनला सहज तापमान पाहिलं तर 58 अंश. बहुतेक हार्ड डिस्कना उत्पादकानं दिलेली शेवटची मर्यादा 60 ची असते. त्याच वर्षी पावसाळ्यात तिच्यावर खराब सेक्टर दिसायला लागले. नवीन डिस्क मी खाली शहाबादी फरशीवर, विटांवर फळी टाकून, उत्तरेच्या खोलीत ठेवली. कपाट नाही, पेटी नाही, मागे हवा जायला वीतभर जागा. आता कडक उन्हाळ्यातही ती 45 च्या आसपास राहते. कूलरच्या झोतात मात्र ठेवू नका. ती हवा ओली असते, आणि आपल्याकडच्या जड पाण्याचा पांढरा थर बाष्पाबरोबर कुठं कुठं जाऊन बसतो ते कूलरची जाळी धुणाऱ्याला माहीत आहे. यूपीएसची शिशाची बॅटरीही उष्णतेत लवकर मरते. पंचवीस अंशांच्या वर दर दहा अंशांना तिचं आयुष्य साधारण निम्मं होतं. डब्यावर काहीही लिहिलेलं असो, आपल्याकडे दोन-अडीच वर्षं धरून चला.

सॉफ्टवेअरच्या मोहात पडू नका. पहिल्या महिन्यात वीस गोष्टी लावणारे सहाव्या महिन्यात सर्व्हर बंद करतात, हे मी माझ्या हाताखाली शिकलेल्या मुलांत पाहिलंय. डेबियन, त्यावर डॉकर (प्रत्येक प्रोग्राम आपापल्या डब्यात चालवणारं साधन), आणि त्यात तीनच गोष्टी. फोटोंसाठी इमिच. फोनमधले फोटो आपोआप घरच्या डिस्कवर येतात, आणि चेहरे ओळखण्याचं काम तुमच्याच मशीनवर होतं, फोटो बाहेर जात नाहीत. साडेतीनशे जीबी पहिल्यांदा टाकाल तेव्हा एन100 दोन-चार दिवस तापत राहील. ते काम दिवाळीनंतर थंडीत करा. फोन आणि लॅपटॉपमधल्या फायली सगळीकडे एकसारख्या ठेवायला सिंकथिंग. अँड्रॉइडवरचं त्याचं मूळ ॲप 2024 च्या शेवटी बंद झालं, पण सिंकथिंग-फोर्क नावानं ते पुढं चालू आहे. आणि कागदपत्रांसाठी पेपरलेस. त्यातली अक्षरं वाचणारं टेसरॅक्ट मराठी जाणतं, मात्र सेटिंगमध्ये मराठी भाषा तुम्हाला घालावी लागते. ते विसरलात तर छापील देवनागरीचा नुसता कचरा दिसेल आणि तुम्ही सॉफ्टवेअरला दोष द्याल.

पासवर्ड एकट्या सर्व्हरवर ठेवू नका, हे माझं ठाम मत. सर्व्हर बंद पडतो तेव्हाच पासवर्ड हवा असतो. कीपास-एक्ससी या पासवर्ड सांभाळणाऱ्या प्रोग्रामची एक कुलूपबंद (मुख्य पासवर्डशिवाय वाचता न येणारी) फाइल करा आणि ती सिंकथिंगनं फोन, लॅपटॉप, सर्व्हर अशी तिन्हीकडे ठेवा.

ईमेल तर घरी आणूच नका. मला ते काम येतं, तरीही मी करत नाही. घरगुती जोडणीवरून गेलेली पत्रं बहुतेक ठिकाणी स्पॅममध्ये पडतात, आणि एखादं नेमणुकीचं पत्र आलंच नाही हे तुम्हाला महिन्यानं कळतं. त्याऐवजी स्वतःचं डोमेन (ईमेलच्या पत्त्यात @ नंतर येणारं नाव) घ्या आणि प्रोटॉन किंवा टूटासारख्या पैसे घेऊन सेवा देणाऱ्याकडे ते जोडा. पत्ता तुमच्या मालकीचा राहतो आणि उद्या पटलं नाही तर सेवा बदलता येते. डिजिलॉकरपासून पळायचंही कारण नाही. त्यातले दाखले ज्या खात्यानं दिले त्याच्याकडे ते आधीच आहेत. व्हॉट्सॲप सुटणार नाही, शाळेचे, भावकीचे सगळे ग्रुप तिथेच आहेत. पण त्याचा बॅकअप कुलूपबंद करायची सोय 2021 पासून आहे आणि ती आपण होऊन चालू करावी लागते. सेटिंगमध्ये चॅट, त्यात बॅकअप, त्यात एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड. आज रात्री जेवणानंतर घरातल्या चारही फोनवर करून टाका, दहा मिनिटांचं काम.

आता बाहेरून घरी पोचायचं कसं. राउटरचं पान उघडून त्याला मिळालेला आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) पाहा. तो 100.64 ते 100.127 मधला असेल तर कंपनीनं तुमच्यासारख्या अनेकांना एकाच पत्त्यामागे बसवलंय आणि राउटरवर पोर्ट (बाहेरून आत यायचं दार) उघडून काही होणार नाही. तसा नसला तरी फोटो-फायलींच्या प्रोग्रामसाठी ते थेट उघडू नका. जून 2021 मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या जुन्या माय बुक लाइव्ह डिस्क जगभर एका रात्रीत रिकाम्या झाल्या, आणि जानेवारी 2022 मध्ये क्यूनॅप कंपनीच्या साठवणुकीच्या उपकरणांतल्या फायली डेडबोल्ट नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामनं कुलूप लावून खंडणीसाठी धरल्या. दोन्ही वेळा झळ बसली ती थेट इंटरनेटवर उघडी असलेल्या उपकरणांना. वायरगार्ड वापरा, म्हणजे घरापर्यंतची कुलूपबंद खासगी वाट; राउटरवर उघडायचं ते त्याचं एकच पोर्ट. 2020 पासून तो लिनक्सच्या गाभ्यातच आहे. फोनवर एक बटण दाबलं की आपण घरच्या नेटवर्कमध्ये, आणि बाहेरच्याला तिथं दार आहे हेही दिसत नाही. सामायिक पत्त्यामागे असाल तर टेलस्केल हा सोपा मार्ग. तोही वायरगार्डवरच चालतो. कोणती उपकरणं तुमची आहेत एवढं त्यांच्या सर्व्हरला कळतं, आतला मजकूर कळत नाही, कारण किल्ल्या तुमच्या उपकरणांतून बाहेर पडत नाहीत. क्लाउडफ्लेअर कंपनीचा टनेल (तिच्या सर्व्हरमधून घरी येणारी वाट) बरेच जण सुचवतील. लावायला सोपा आहे, पण त्यात कुलूप त्यांच्या दारात उघडतं आणि पुढं पुन्हा लागतं, म्हणजे मधे मजकूर त्यांना वाचता येतो. ज्या कारणासाठी तुम्ही हे सगळं करताय तेच कारण तिथं निसटतं. फुकटच्या योजनेत 100 एमबीहून मोठी फाइल चढतही नाही.

क्लाउड पूर्ण सोडावा का, हा तुमचा मुख्य प्रश्न. सोडू नका. त्याला उघडी वस्तू देणं सोडा. कुलूप घरी लावा, किल्ली घरी ठेवा, मग पेटी मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये राहिली तरी चालेल. माझं औसा तालुक्यात आजोळ. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी आठवीत होतो. मामाचं माळवदाचं घर बसलं. माणसं देवाच्या दयेनं वाचली, पण कोनाड्यातली पेटी, तिच्यातले खरेदीखताचे कागद, आजीचा एकुलता एक फोटो, सगळं मातीखाली पावसात भिजून लगदा झालं. एकाच छताखाली दोन डिस्क ठेवून मला कधी स्वस्थ झोप लागली नाही, त्याचं मूळ तिथं आहे. रेड (दोन-तीन डिस्क जोडून एकाच मशीनमध्ये चालवणं) लावलंय म्हणजे बॅकअप झाला असं समजणारे खूप भेटतात. रेड एक डिस्क मेली तर काम चालू ठेवतं. चोरी, आग, आणि चुकून दाबलेलं डिलीट यांच्यापुढे ते काही कामाचं नाही.

माझी पद्धत अशी. मूळ प्रत घरच्या डिस्कवर. रोज रात्री दोनला रेस्टिक नावाचा प्रोग्राम बदललेल्या फायली घरातच कुलूपबंद करतो आणि मुंबईतल्या भाड्याच्या साठवणुकीत पाठवतो. तिथल्या माणसानं डिस्क काढून पाहिली तरी त्याला आकडेच दिसतील. तुमचे साडेतीनशे जीबी 20 एमबीपीएसच्या अपलोडनं चढवायला सलग एकोणचाळीस तास लागतील, म्हणजे रोज रात्री सहा तास दिले तर आठवडा. त्यानंतर रोजचं काम मिनिटांचं. तिसरी प्रत एका बाहेरच्या डिस्कवर, तीही कुलूपबंद, नांदेडला बहिणीच्या घरी. महालक्ष्म्यांना ती आमच्याकडे येते आणि भाऊबीजेला आम्ही तिच्याकडे जातो. दोन्ही वेळा डिस्क बदलतो. वर्षातून दोनदा हे कमी आहे हे मला कळतं, पण सणाला बांधलेली गोष्ट अकरा वर्षांत एकदाही चुकली नाही, आणि कॅलेंडरमध्ये घातलेल्या सूचना मी डझनानं चुकवल्या आहेत.

आणि बॅकअप परत आणून पाहिल्याशिवाय त्याला बॅकअप म्हणू नका. हे मी फार महाग शिकलो. वडील गेल्यावर आईनं त्यांच्या जुन्या लग्नाच्या अल्बमचे फोटो स्कॅन करून घेतले, आणि तीन संध्याकाळी माझ्या लॅपटॉपसमोर बसून एकेका चेहऱ्याला नाव दिलं. हा दगडूमामा, ही परळीची काकू, हा वाजंत्रीवाल्याचा पोरगा. पुढं ती डिस्क गेली. मी शांत होतो, बॅकअप होता. फोटो सगळे परत आले. नावं आली नाहीत. नावं, अल्बम, तारखांच्या दुरुस्त्या हे सगळं फोटोत नसतं, वेगळ्या डेटाबेसमध्ये असतं, आणि मी फक्त फोटोंचा फोल्डर बॅकअपमध्ये घातला होता. आई पुन्हा बसली. पण पहिल्या वेळी तिच्या शेजारी बसून माहेरच्या बाजूची नावं सांगणारी मावशी त्या मधल्या वर्षात गेली होती. चार चेहऱ्यांची नावं आता आमच्या घरात कुणालाच माहीत नाहीत.

म्हणून इमिच लावाल तेव्हा त्याच्या डेटाबेसची रोजची प्रत निघते का, आणि ती बॅकअपमध्ये जाते का, हे पहिल्या दिवशी पाहा. दर महिन्याला एक फाइल आणि वर्षातून एकदा सगळं, दुसऱ्या मशीनवर परत आणा. नावं दिसतात का ते तपासा.

कुलूप लावलं की किल्ली हरवण्याची भीती येते. रेस्टिकचा पासवर्ड विसरलात तर तुमच्या फायली तुम्हालाही मिळणार नाहीत. त्याला मागचं दार नाही, आणि तेच त्याचं बळ आहे. मी तो पासवर्ड, डिस्कचा पासवर्ड आणि कीपासचा मुख्य पासवर्ड कागदावर हातानं लिहून दोन पाकिटांत ठेवलेत. एक घरच्या लोखंडी कपाटात दागिन्यांशेजारी, एक बहिणीकडे. सोबत पानभर मराठीत लिहिलंय की मी नसलो तर कोणती डिस्क कुठल्या संगणकाला लावायची आणि काय टाइप करायचं. बायकोनं ते पान वाचून, मी खोलीत नसताना, एक फोटो उघडून दाखवला तेव्हाच मी ते पाकीट बंद केलं. घरच्या डिस्कला कुलूप लावताना आणखी एक पेच येतो. लाइट जाऊन आली की मशीन पासवर्ड मागत थांबतं. म्हणून सिस्टिम उघडी ठेवा आणि फक्त फोटो-कागदांची डिस्क कुलूपबंद करा. मशीन आपलं आपण उठेल, वायरगार्ड चालू होईल, आणि तुम्ही शाळेतून फोनवरून पासवर्ड घालून डिस्क उघडाल.

फोनबद्दल थोडक्यात, कारण तो सर्व्हरपेक्षा जास्त वेळ तुमच्याजवळ असतो. मराठी टाइप करायला जो कीबोर्ड घेतलाय त्याच्यातून तुमचं प्रत्येक अक्षर जातं. कुठल्यातरी जाहिरातवाल्या फुकट कीबोर्डपेक्षा मुक्तस्रोत इंडिक कीबोर्ड घ्या, त्यात मराठी आहे. लिनक्सवर इनस्क्रिप्ट हा देवनागरीचा कीबोर्ड आधीपासून असतोच. बँकेची आणि यूपीआयची ॲप्स मात्र नेहमीच्याच फोनवर राहू द्या. फोन रूट करून (त्याच्या सिस्टिमचा पूर्ण ताबा घेऊन) ती चालवण्याच्या खटपटीत महिना-महिना घालवलेले लोक मला माहीत आहेत, आणि त्यातून त्यांची गोपनीयता वाढलेली मी पाहिली नाही. घरातला सीसीटीव्ही कॅमेरा तो बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरशी बोलत असेल तर राउटरमधून त्याचं इंटरनेट बंद करा. चित्रण घरातच साठत असेल तर ते चालू राहील. कायद्याची धास्ती बाळगू नका. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा माणसानं स्वतःच्या आणि घरगुती कामासाठी ठेवलेल्या माहितीला लागू नाही. शाळेतल्या मुलांची यादी, गुण, पालकांचे नंबर मात्र घरच्या सर्व्हरवर आणू नका. ती तुमची घरगुती माहिती नाही.

राहिली पेटी. 2023 पासून निजामकालीन नोंदींचा शोध सुरू झाला आणि मराठवाड्यात घरोघरच्या अशा पेट्या उघडल्या गेल्या. तुमच्या पेटीतही उर्दू आणि मोडी कागद असणार. हे कागद पेपरलेस वाचू शकणार नाही. हातानं भरभर लिहिलेली उर्दू आणि मोडी त्याच्या आवाक्याबाहेर आहे, म्हणून शोधायचे शब्द तुम्हालाच घालावे लागतील: गाव, गट किंवा सर्व्हे नंबर, नावं, साल. साल फसली, म्हणजे निजामाच्या काळातलं महसुली, असेल. त्यात 590 मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे फसली 1347 हे 1937-38. फाइलीच्या नावात दोन्ही लिहा, इसवी आधी, म्हणजे कागद आपोआप क्रमानं लागतात. स्कॅन 600 डीपीआयला आणि रंगीत करा. काळ्यापांढऱ्यात शिक्क्याची फिकट शाई उडून जाते. मोठा कागद सपाट स्कॅनरवर दोन भागांत घ्या, ओढून घेणाऱ्या स्कॅनरमध्ये कधीच घालू नका. वाचून घ्यायला जाणकाराला व्हॉट्सॲप करण्यापेक्षा त्यांना घरी चहाला बोलवा. समोर बसून वाचतील, तुम्ही शेजारी बसून नावं टाइप कराल, आणि प्रत घराबाहेर जाणार नाही.

गंजलेल्या टाचण्या ओढून काढू नका, वाकवून हळू सोडवा. घड्या घालवायला इस्त्री फिरवू नका. दोन कोऱ्या कागदांत ठेवून वर जाड पुस्तकं चार दिवस ठेवा. आणि गावात कुणी लॅमिनेशन करून देतो म्हणाला तर त्याला हात लावू देऊ नका, ते प्लास्टिक पुन्हा निघत नाही. स्कॅन झाल्यावर मूळ कागद सुती कापडात गुंडाळून पेटीतच ठेवा, आणि पेटी जमिनीपासून हातभर उंच.

मशीन घेण्याआधी इन्व्हर्टरच्या खटक्याचा आणि राउटरमधल्या आयपीचा फोटो काढून ठेवा. आयपीचे शेवटचे आकडे झाकून मला कळवलंत तरी पुढचं सांगता येईल.